देहाचे तप आणि त्याची मर्यादा

ज्येष्ठ शुद्ध एकादशी ऐन उन्हाळ्यात येते. उत्तर भारतात त्या सुमारास भूमी भाजून निघालेली असते, आणि त्याच दिवशी श्रद्धाळू गृहस्थ सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. क्षुधा न साहणाऱ्या भीमसेनाला व्यासांनी वर्षभरातील सर्व एकादशांच्या ठिकाणी हे एकच व्रत सांगितले, अशी कथा आहे. मात्र तो देह भीमाचा होता, हे कथा ऐकताना बहुधा विसरले जाते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 22व्या अध्यायात, लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. देहाला लाघव आणते ते लंघन. त्या दहांत तहान, ऊन, उपवास आणि व्यायाम ही चारही एकाच पंक्तीत बसविली आहेत. लंघन बेताचे झाले की अंग हलके होते, तंद्री सरते, रुची व भूक जागी होते, मन निर्मळ राहते. तेच मर्यादेपलीकडे गेले की सांधे दुखतात, मुख शुष्क होते, दृष्टी व श्रवण मंदावतात आणि मन भ्रमते. आता, निर्जल उपवास करून भर दुपारी अनवाणी मंदिराची वाट धरणारा मनुष्य ही चारही लंघने एकाच दिवशी करीत असतो!

आजचे वैद्यकही हेच निराळ्या शब्दांत सांगते. घाम वाळताना देह निवतो. पाण्यावाचून घाम घटतो आणि आतील ताप साचतो. तो 40 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला व माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते भक्तीचे आवेश नव्हेत. तो उष्माघात होय, त्याला तत्काळ थंडावा व वैद्य हवा. वृद्धांना तहानेची जाणीवच उणी असते. मधुमेही मनुष्याने औषध घेऊन अन्न टाळले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते.

व्यायामाविषयी वाग्भटाने अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली, तीही थंडीत व वसंतात. उन्हाळ्यात त्याहून कमी. नियमित व्यायामाने झोप सुधारते, उदासी निवळते, हे आज सिद्ध आहे. पण दमछाक म्हणजे व्यायाम नव्हे.

गीतेच्या 17व्या अध्यायात भगवंतांनी दंभाने व अहंकाराने केलेल्या, शास्त्राला सोडून असलेल्या घोर तपाचा निषेध केला आहे. असा तपस्वी देहातील भूतांना आणि अंतर्यामी वसणाऱ्या भगवंतालाही पीडा देतो. त्याच अध्यायात मानसिक तपाचे पहिले लक्षण मनाची प्रसन्नता हे सांगितले आहे. उपवासाच्या दिवशी ज्याच्या संतापाने घरातील मुले कोपऱ्यात बसतात, त्याने कोणते तप केले?

धर्मशास्त्राने तर वाट मोकळीच ठेवली आहे. ज्यांनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टींत जल आहे, फळ व दूध आहे, गुरूची आज्ञा आहे आणि औषधही आहे. म्हणून घरातील वृद्ध मातेने संकल्प सोडण्यापूर्वीच गोळीची वेळ मुलाला सांगून ठेवावी, आणि मुलाने त्या वेळी पाण्याचा पेला तिच्या हाती द्यावा.