हवं तिथं उतर

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. सायलीस,


तुझा फोटो दादाने दाखवला. लंडनची ती उघड्या टपाची लाल बस, वरच्या मजल्यावर तू, कानात माहिती सांगणारं यंत्र आणि केस सगळे वाऱ्यावर. छान दिसतेस. पण बायो, तिथल्या वाऱ्यात डोक्याला काहीतरी बांधत जा. लहानपणी तुझे कान किती दुखायचे ते तुझ्या आईला आणि मला ठाऊक आहे. एकदा तिकीट काढायचं, वाटेल त्या थांब्यावर उतरायचं, मन भरेपर्यंत हिंडायचं आणि मागून येणारी बस धरायची, ही पद्धत तू फोनवर समजावून सांगितलीस. मला ती फार आवडली. मात्र त्याच फोनवर तू आणखी एक सांगितलंस. खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, आणि तू म्हणालीस, ‘समुद्र आणि आंबे.’ तू हसलीस, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र जिवाला जरा घोर लागला.

रागावून लिहीत नाही गं. तुझा तरी काय दोष? मारुती मंदिरापासून शाळा, शाळेतून क्लास, क्लासवरून घर. पाहुणे आले की गणपतीपुळे, आणि परीक्षा आली की तेही बंद. गाव आपलंच, कुठे पळून जातंय, असं म्हणता म्हणता ते पाहायचं राहतं. उद्या तुझं तिथलं शहरही असंच खोली आणि कॉलेज या दोन थांब्यांपुरतं उरेल, याची मला काळजी वाटते. परक्या जागी माणूस एकटा पडतो तो बरेचदा असाच.

आपल्याकडे तशी लाल बस नाही. मुंबईत बेस्टच्या उघड्या टपाच्या बस होत्या; तू लहान असताना बाबाने तुला एकदा त्यातून फिरवलंही होतं. त्यातली शेवटची ५ ऑक्टोबर २०२३ ला थांबली. आपल्या एसटीच्या आगाराने दिवाळीच्या सुट्टीत ‘रत्नागिरी दर्शन’ म्हणून गाडी सोडली होती. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ती सोयीची. पण अशा गाडीत कंडक्टरने हाक मारली की उठावं लागतं, आणि एखाद्या ठिकाणी जीव रमला तरी सगळ्यांबरोबर निघावं लागतं. खरी तुझ्या त्या बससारखी सोय एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासात आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि वाटेल तिथं चढायचं, वाटेल तिथं उतरायचं. ही योजना १९८८ पासूनची आहे, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची! आणि गावातल्या गावात शहर बस आहे, रिक्षा आहे, आपले पाय आहेत. दिवाळीला येशील तेव्हा त्या मैत्रिणीलाही घेऊन ये. आपण आपलेच थांबे ठरवू.

पहिलं उतरायचं टिळक आळीत. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य जन्मले ते घर. तू शाळेच्या सहलीत रांगेत गेली होतीस, तेव्हा पुढच्या मुलीच्या वेणीपलीकडे काही पाहिलं असशील असं वाटत नाही. आता सावकाश पाहा. दहा वर्षांचे असताना ते वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले. म्हणजे लहान वयात गाव सोडणारी तू काही पहिली नव्हेस. तिथून पतितपावन मंदिर. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, सावरकरांनी पुढाकार घेतला आणि १९३१ साली सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ उभं राहिलं. आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही, म्हणूनच तिथे थोडं बसायला हवं.

मग थिबा पॅलेस. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इथे आणून ठेवलं. हा वाडा त्याला १९१० साली मिळाला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षं! शिवाजीनगरला त्याची समाधी आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले. राजाची थोरली मुलगी मात्र मायदेशी जाऊन पुन्हा रत्नागिरीला परतली आणि इथलीच झाली. वाड्यातून निघालो की थिबा पॉइंटवर जाऊ. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते ते तिथून दिसतं.

तिथे गेले की मला नेहमी एक गोष्ट सुचते, तीच तुला सांगायची आहे. या गावात माणसं आणून अडकवली गेली. थिबा राजा नजरकैदेत. सावरकर आधी इथल्या तुरुंगात आणि पुढे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध, जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही या अटीवर. त्यांना हवं तिथं उतरण्याची मुभा नव्हती. सावरकरांनी त्या हद्दीतच एवढं काम केलं. आणि तुला, मला, तुझ्या बाबाला कुणी अडवलेलं नाही, तर आम्ही साळवी स्टॉपच्या पुढे जायला कंटाळतो! मुभा असूनही न वापरणं हे मला बरं वाटत नाही. म्हणून तुझ्या त्या बसचं मला कौतुक वाटलं. नुसतं वरच्या मजल्यावर बसून सगळं शहर डोळ्यांखालून घालू नकोस. उतरत जा.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर. सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत. रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र. भगवतीचं दर्शन घेऊन तटावर गेलं की एका अंगाला मिरकरवाड्याच्या होड्या दिसतात. कालच नारळी पौर्णिमा झाली. होड्यांना पताका लावल्या होत्या, दर्याला नारळ दिला. पावसाळी बंदी उठल्यावर आता मासळीची आवक सुरू झाली आहे, पण बांगडा अजून महागच. मांडवीची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र, आणि मिऱ्याच्या अंगाचा पांढरा समुद्र. मैत्रिणीला तू समुद्र म्हणालीस ना, तर निदान दोन समुद्र म्हणायचं होतंस! मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तोही दाखव. भाट्याला झरी विनायकाशी उतरू, नारळ संशोधन केंद्रातली झाडं पाहू. ते केंद्र १९५५ पासूनचं. वेळ उरला तर नगर वाचनालयात डोकावू. ते १८२८ सालचं, म्हणजे टिळकांच्याही आधीचं. पावसला किंवा आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जायचं झालं तर एसटीनेच जाऊ. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. उरलेल्या पैशांत आपली कोकम सरबतं होतील.

आता तुझ्या तिथल्याविषयी. ती पर्यटकांची बस एकदा झाली, आता तिथल्या माणसांच्या साध्या बसमध्ये बस. एका तासाच्या आत कितीही बस बदलल्या तरी एकाच तिकिटात भागतं, असं तूच सांगितलं होतंस. मग रविवारी एखादी बस धर आणि अनोळखी थांब्यावर उतर. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस या घरावर टिळकांच्या नावाची पाटी आहे; १९१८-१९ मध्ये ते तिथे राहिले होते. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांची पाटी आहे. तुझ्या लाल बसच्या कानातल्या यंत्राने ही घरं काही सांगितली नसतील. टिळक आळीत जन्मलेला माणूस त्या रस्त्यावरून चालला, हे आठवलं की तुला ती गल्ली इतकी परकी वाटणार नाही.

पण उतरताना काही गोष्टी पाळ. शेवटची बस किती वाजता ते आधी बघून ठेव. काळोख पडायच्या आत माघारी ये. फोन भरलेला ठेव, पर्समध्ये थोडे सुटे पैसे आणि पाण्याची बाटली असू दे. कुठे जातेस ते खोलीतल्या मैत्रिणीला सांगून जा. छत्री न्यायला मी सांगायला नको, तू रत्नागिरीची आहेस. आणि उपाशी हिंडू नकोस. एकटीच्या स्वयंपाकाचा कंटाळा करतेस हे तुझ्या आवाजावरून कळतं. मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवलं होतं, ते संपलं की नुसतं कपाटात बसलं आहे?

इकडे सगळं ठीक. बाबाचा गुडघा पावसात कुरकुरतो, पण बाजाराला स्वतःच जातो, ऐकत नाही. मागच्या परड्यातला फणस वाऱ्याने पडला, कुणाला लागलं नाही हे नशीब. गणपतीच्या मखराचं काम शेजारच्या पोरांनी अंगावर घेतलं आहे. तुझी जागा रिकामी वाटेल, पण तू दिवाळीला येणार म्हणून मी मनाची समजूत घातली आहे.

तर पुन्हा तेच सांगते. आपलं गाव असो की परक्याचं, दोनच थांब्यांत राहू नको. पुढच्या रविवारी कुठे उतरलीस ते मला लिही, नुसता फोटो नको. आणि दिवाळीचं तिकीट काढलंस की तारीख कळव. मैत्रिणीला तिखट चालतं का तेही विचारून ठेव.

तुझी,
आत्या