लांबून दर्शन

आजचं चिंतन गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या २५व्या श्लोकावर. अचल असणाऱ्यांमध्ये मी हिमालय, असं भगवंत तिथे सांगतात. मला लगेच उत्तराखंडातली नंदादेवी आठवली. उंची ७,८१६ मीटर. पूर्वेला ७,४३४ मीटरचं दुसरं शिखर, सुनंदा. मध्ये सुमारे दोन किलोमीटरची धार. कुमाऊँत या दोघी बहिणी.

१९३६ साली टिलमन आणि ओडेल मुख्य शिखरावर पोहोचले. पुढे मोहिमा वाढल्या, कचरा साठला, सरपणासाठी झाडं गेली. १९८३ मध्ये आतला भाग बंदच करून टाकला.

मित्रांनो, आपल्याला भक्ती म्हणजे जवळ जाणं वाटतं. थेट गाभाऱ्यात, जमलं तर सेल्फीसकट! मग जिथे जाताच येत नाही, तिथली भक्ती उणी का? मला नाही वाटत. साधारण बारा वर्षांनी निघणाऱ्या राजजातेत लोक नंदेला लेकीसारखं सासरी पोचवायला जातात. होमकुंडाशी चार शिंगांचा मेंढा पुढे सोडतात आणि स्वतः मागे फिरतात. शिखर गाठायचा विषयच निघत नाही.

पण एक गोष्ट टोचते. त्या बंदीत लाता गावच्या मेंढपाळांची कुरणंही गेली. मोहिमांचा कचरा काही त्यांचा नव्हता. मी शहरात बसून ‘लांबूनच नमस्कार करा’ म्हणतो, त्यात माझं काय जातं? एखादा ट्रेक. त्यांची पिढ्यान् पिढ्यांची चराई गेली. देवाची जागा राखायची हे मला पटतं, पण तिची किंमत देवीच्या शेजाऱ्यांनीच का मोजावी?

उद्या २६वा श्लोक, पिंपळाचा.