यमूच्या साक्षीला ताराबाई

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात जुनी कादंबरी पोचते ती बहुधा अभ्यासक्रमातून किंवा वाचनालयाच्या कपाटातून. तिच्याबरोबर येते ते परीक्षेचे गाइड. त्यात कथानकाचा सारांश, पात्रांचे स्वभावविशेष आणि लेखकाची सनावळी असते. असे पुस्तक वाचकाचे कष्ट वाचवते, त्याला प्रश्न मात्र एकही देत नाही. खरे पूरक वाचन कादंबरीची उलटतपासणी करते आणि त्या तपासणीतूनच तिची थोरवी कळते. याचा उत्तम दाखला म्हणजे हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’

१८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ही कादंबरी क्रमशः छापली जाऊ लागली, तेव्हा आपटे सव्वीस वर्षांचे होते. एका तरुण पुरुषाने बालवयात लग्न झालेल्या यमूच्या तोंडून तिचे सारे आयुष्य वदवले. समजूतदार पती रघुनाथ जाताच तिच्यामागे कोणी उरत नाही आणि तिचे बळजबरीने केशवपन होते. हा आवाज कितपत खरा, हे कादंबरी स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी त्या घरांत राहिलेल्या बाईकडेच जायला हवे. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींत घरातल्याच बायका शिकणाऱ्या सुनेला कसा जाच करतात, ते तपशिलाने येते. तिथे आपट्यांच्या निरीक्षणाला दुजोरा मिळतो. पण त्याच संसाराची दुसरी बाजूही दिसते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी पहिली पत्नी गेल्यावर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. सुधारकाच्या मनातली ही ओढाताण रघुनाथच्या जवळजवळ निर्दोष चित्रात सापडत नाही.

याहून परखड साक्ष टेंभुर्णीच्या शेजारची आहे. जाफराबाद तालुक्याची शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो. पूर्वी ही शीव निजामाचे राज्य आणि इंग्रजी अमलाखालचा वऱ्हाड यांच्यामधली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर उठलेली झोड, हे तिचे निमित्त. त्याच पुस्तकात ताराबाईंनी ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या गाजलेल्या कादंबऱ्यांनाही जाब विचारला. पुणे-मुंबईपासून दूर राहणारी एक वाचक कादंबरीकारांची झडती घेत होती, तीही यमू छापली जाण्याच्या आठ वर्षे आधी. ताराबाईंना शेजारी बसवून आपटे वाचले, की एक गोष्ट डोळ्यांत भरते: यमूला आधार मिळतो तो भल्या पुरुषांचा, आणि तो सुटला की तिला वाटच उरत नाही. त्या अवलंबनाच्या मुळावरच ताराबाई घाव घालतात.

यावर आक्षेप येईल की थोर कलाकृती स्वयंपूर्ण असते. अशा वाचनाने तिचा नुसता दस्तऐवज होतो. पण आपट्यांच्या पहिल्या वाचकांना हे संदर्भ शोधावे लागतच नव्हते. बालपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला ताजा होता, ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ या पत्रांचा वाद रंगला होता, आणि १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. त्यांना जे सहज ठाऊक होते, ते आपल्याला कष्टाने मिळवावे लागते, इतकाच फरक. दुसरा आक्षेप असा, की आजच्या मापाने कालच्या लेखकाला जोखणे अन्यायाचे आहे. मात्र ताराबाईंचे माप आजचे नाही. ते आपट्यांच्याही आधीचे आहे. शिवाय या तपासणीत आपटे लहान होत नाहीत. केशवपनाची जुलमी चाल ज्या समाजात पाळली जात होती, त्याच समाजातल्या एका पुरुषाने ती आतून, बाईच्या तोंडून उघडी पाडली, याचे धैर्य उलट अधिक ठळक होते.

म्हणून शिक्षकांना आणि ग्रंथपालांना एकच विनंती. आधी कादंबरी पुरी वाचू द्या. सारांश हातात देऊ नका. मग रमाबाई आणि ताराबाई तिच्याच कप्प्यात ठेवा. हे तिघेही स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेले आहेत, त्यामुळे त्यांचा मजकूर छापायला वा वाटायला कायद्याची आडकाठी नाही. दीर्घकाळ विस्मरणात गेलेले ताराबाईंचे पुस्तक १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा वाचकांपुढे आणले. आता ते पुन्हा विसरले गेले, तर तो दोष आपलाच असेल.