चा, ची, चं

शाळेच्या व्याकरणात विभक्तीचा एक तक्ता असायचा. प्रथमेपुढे कर्ता, द्वितीयेपुढे कर्म, तृतीयेपुढे करण, असं करत करत षष्ठीपर्यंत आलं की समोर लिहिलेलं असे ‘संबंध’. चा, ची, चे. मालकी हा शब्द तिथे कुठेच नव्हता. तक्ता पाठ करण्याच्या घाईत हे लक्षात येण्याचं काही कारण नव्हतं. ते लक्षात आलं फार उशिरा, आणि तेही पोकेमॉनच्या कार्डांमुळे.

हा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये 1996 साली सुरू झाला. सुरुवातीला कार्डांवर नुसती प्राण्यांची नावं असत: सायडक, ओनिक्स, नाइनटेल्स. मग त्या नावांच्या आधी माणसांची नावं येऊ लागली. 2000 साली इंग्रजीत ‘जिम हिरोज’ आणि ‘जिम चॅलेंज’ असे 132-132 कार्डांचे दोन संच निघाले, त्यांत ब्रॉक, मिस्टी, एरिका, ब्लेन अशा जिमच्या, म्हणजे पोकेमॉन लढवण्याच्या आखाड्यांच्या, प्रमुखांचे पोकेमॉन त्यांच्या त्यांच्या नावानिशी आले. जपानीत हे एका ‘नो’वर भागतं. मिस्टी तिकडे कासुमी आणि सायडक कोदाक्कु, म्हणून ‘कासुमी नो कोदाक्कु’. कोणाचाही कोणीही असो, ‘नो’ बदलत नाही. मराठीत मात्र ब्रॉकचा ओनिक्स, ब्लेनची नाइनटेल्स आणि मिस्टीचं सायडक, कारण ते शेवटी बदकच. आपल्याकडे प्रत्यय ठरवतो तो ज्याचं नाव आधी येतं तो नव्हे, तर जो त्याचा म्हणवला जातो तो. ब्रॉक पुरुष आहे की बाई, याच्याशी त्या ‘चा’ला काही देणंघेणं नाही. मालक म्हणवणाऱ्याचं व्याकरणात इतकं कमी चालावं, याची मला गंमत वाटते.

आपल्या घरांतल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. कोणाच्या तरी लग्नात कोणीतरी दिलेली पातेली, नाव आत्याचं आणि पातेलं आपल्या ओट्यावर. पण त्या नावामुळे आमटीची चव बदलत नाही. या कार्डांवरचं नाव तसं नाही. ते नाव खेळात काम करतं. ‘एरिकाचा ऑडिश’ वाढून ‘एरिकाचा ग्लूम’च होणार, नुसता ग्लूम हातात असला तरी तो त्याच्यावर ठेवता येत नाही. म्हणजे ज्याच्या नावाने जन्मलास, त्याच्याच नावाने मोठा हो. नियमाच्या दृष्टीने सायडक आणि मिस्टीचं सायडक ही दोन वेगळी नावं. साठ कार्डांच्या गड्डीत एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं चालतात, म्हणून चार साधी सायडक आणि शिवाय चार मिस्टीची, अशी आठ बदकं एका गड्डीत सुखाने नांदू शकतात. (आठ सायडक घेऊन जिंकण्याची आशा कोणी करू नये, ही गोष्ट वेगळी.)

मिस्टीचं सायडक हे उदाहरण मला फार आवडतं, कारण ते मिस्टीला कधी हवंच नव्हतं. पोकेमॉनची कार्टून मालिका आपल्याकडे ज्या पिढीने हिंदीत पाहिली, तिला हे आठवत असेल. मिस्टीच्या हातून पोकेमॉन ठेवायचा चेंडू सुटून घरंगळत जातो आणि हे डोकं धरून बसलेलं बदक आपणहून त्यात शिरतं. पुढे ती दुसऱ्याच कोणाला बोलावायला चेंडू फेकते आणि बाहेर येतं हे. पाण्याचा पोकेमॉन असून त्याला पोहता येत नाही. त्याचं डोकं अगदी असह्य दुखायला लागलं की तेवढ्यापुरती त्याच्यात अचाट शक्ती येते. मिस्टीने ते निवडलं नाही, कमावलं नाही, अनेकदा तर ती त्याच्यावर वैतागलेलीच असते. तरी कार्डावर ‘मिस्टीचं’. असे ‘आपले’ बहुतेक घरांत निघतील. त्यांची निवड झालेली नसते, ते फक्त आपले असतात.

कार्डं जमवणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, हे कार्ड कोणाचं? तो म्हणेल, माझं. आणि यातलं सायडक? मिस्टीचं. त्याला यात काही विसंगत वाटत नाही, आणि खरंच ते नाहीही. आपणही ‘माझं गाव’ म्हणतो, ‘माझी आई’ म्हणतो. गावाचा सातबारा आपल्या नावावर नसतो.

या नावाच्या कार्डांची पुढे ये-जा चालू राहिली. 2004 मध्ये टीम मॅग्मा आणि टीम ॲक्वा या टोळ्यांचा संच आला. त्यानंतर, अधूनमधूनचे अपवाद सोडले तर, हा प्रकार बराच काळ बाजूला पडला आणि 2025 मध्ये मोठ्या प्रमाणावर परतला. मार्चच्या ‘जर्नी टुगेदर’मध्ये लिलीची क्लेफेरी, हॉपचा झेशियन असे जोडीदार आले, मेमध्ये ‘डेस्टिन्ड रायव्हल्स’मध्ये टीम रॉकेट ही टोळी. त्यात टीम रॉकेटचा म्यूटू आहे. 1998 च्या पहिल्या चित्रपटात हाच म्यूटू रॉकेटच्या म्होरक्याला झिडकारून, आपण नक्की कोण आणि कशासाठी, हे विचारत निघून गेला होता. कार्डावर तो पुन्हा त्यांचा झाला आहे, आणि अट अशी की मैदानात टीम रॉकेटचे किमान चार पोकेमॉन असल्याखेरीज त्याला हल्लाच करता येत नाही. जो टोळी सोडून गेला, त्याला आता टोळीशिवाय हातही उचलता येऊ नये! अट लिहिणाऱ्याने खेळाचा तोल सांभाळला असेल. मला मात्र तिथे षष्ठीचा दुसरा चेहरा दिसला, ज्यात ‘चा’ म्हणजे गळ्यातला पट्टा असतो.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते ‘एन’पाशी. ‘जर्नी टुगेदर’मध्ये एनचा झोरोआर्क आहे, एनचा रेशिराम आहे. हा एन 2010 च्या ब्लॅक आणि व्हाइट या व्हिडिओ गेममधला. माणसांनी छळलेल्या पोकेमॉनांच्या सोबतीत वाढवलेला मुलगा. त्याला मुद्दाम तसं वाढवलं गेलं, कारण त्याच्या भाबडेपणाचा दुसऱ्या कोणाला उपयोग करायचा होता. पोकेमॉनांना चेंडूंतून, म्हणजे माणसांच्या मालकीतून सोडवलं पाहिजे, हेच त्याचं म्हणणं. तो ज्यांच्या साथीने लढतो, त्यांना लढाईनंतर सोडून देतो. आणि कार्डांच्या जगात नेमक्या याच मुलाच्या नावापुढे षष्ठीचा प्रत्यय लागला.

पहिल्यांदा वाटलं, ही चेष्टा झाली. मग कार्डं नीट वाचली. एनच्या झोरोआर्कचा हल्ला स्वतःचा नाही. मागे बाकावर बसलेल्या एनच्याच दुसऱ्या एखाद्या पोकेमॉनचा हल्ला तो उसना घेतो. एकटा असला तर त्याच्याकडे मारायला काहीच नाही. खरं तर ही अट म्यूटूच्या अटीची सख्खी बहीण, दोघांनाही आपल्या नावाचे सोबती लागतात. पण तिथे ती बेडी वाटली आणि इथे वाटत नाही, एवढं त्या आधीच्या नावाने बदललं. शिवाय ‘एनचा वाडा’ नावाचं एक कार्ड आहे. एरवी लढणाऱ्या पोकेमॉनला माघारी बोलवायचं तर बहुधा त्याच्याजवळची ऊर्जा मोजावी लागते. हा वाडा मैदानात असेल, तर एनच्या पोकेमॉनांना मागे फिरायला काहीही द्यावं लागत नाही. ते हवं तेव्हा परत येऊ शकतात, फुकट.

2012 मध्ये त्या गेमचे पुढचे भाग आले. त्यांत एनने सोडून दिलेले पोकेमॉन रानावनात भेटू शकतात. तुम्ही त्यांना पकडलंत, तुमच्या चेंडूत ठेवलंत, वाढवलंत, तरी त्यांच्या माहितीत मूळ सोबती म्हणून नाव राहतं ते एनचं. त्याने तर त्यांना कधीच मोकळं केलं होतं.