जॅक जॉन्सनचे हसणे
सिडनीच्या रशकटर्स बे येथील मुष्टियुद्धाच्या रिंगणात २६ डिसेंबर १९०८ रोजी चौदाव्या फेरीत टॉमी बर्न्स पुरता हतबल झाला, तेव्हा पोलिसांनी मध्ये पडून झुंज तर थांबवलीच, पण चित्रीकरणही तेथेच तोडले. गोऱ्या जगज्जेत्याचे पतन पडद्यावर दिसू नये, एवढी दक्षता त्या धांदलीतही घेतली गेली. हरलेल्या बर्न्सच्या पदरात तीस हजार डॉलर पडले, जिंकलेल्या जॅक जॉन्सनच्या हाती पाच हजार.

टेक्ससमधील गॅल्व्हस्टन बंदरात १८७८ साली, पूर्वाश्रमी गुलाम असलेल्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या या मनुष्याची वाट कोणत्याही लेखी कायद्याने अडवलेली नव्हती. हेवीवेट जगज्जेत्याने कृष्णवर्णीयाचे आव्हान स्वीकारायचे नाही, असा केवळ रिवाज होता. आणि फर्मानाविरुद्ध निदान दाद मागता येते, रिवाजाविरुद्ध फिर्याद कोणाकडे न्यावी?

हाच रिवाज पाळून अपराजित निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीजला वर्णाभिमानी वृत्तपत्रांनी आर्जवे करून परत आणले आणि ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रीनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत लोळवले. त्या झुंजीतील ठोशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रतिस्पर्ध्याला मिठीत जखडून जॉन्सन त्याच्या खांद्यावरून दोरांपलीकडच्या मंडळींशी गप्पा मारी, जेफ्रीजच्या गोटातून शेरे मारणाऱ्या जेम्स कॉर्बेटला सव्याज उत्तर देई, आणि सोन्याने मढवलेले दात दाखवीत हसे. त्या रात्री अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मेली. गावोगावी त्या झुंजीच्या चित्रपटावर बंदी आली, आणि १९१२ साली मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास खुद्द अमेरिकी काँग्रेसने मज्जाव केला.

जॉन्सनचे सामर्थ्य अमेरिकेने कदाचित नाइलाजाने सोसले असते. पण भरधाव मोटारी, उंची पोशाख आणि गोऱ्या स्त्रियांशी राजरोस विवाह यांतून ओसंडणारी त्याची बेपर्वाई तिला सोसवेना. मुठींनी जे साधले नाही ते अखेर कचेरीने साधले. वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांची ने-आण रोखण्याकरिता १९१० मध्ये झालेला मॅन कायदा त्याच्यावर चालवण्यात आला. ज्या ल्युसिल कॅमेरॉनवरून पहिले प्रकरण उभे केले होते, तिनेच साक्ष देण्यास नकार देऊन त्याच्याशी लग्न केल्यामुळे ते बारगळले, तेव्हा बेल श्रायबर या पूर्वीच्या सहचरीची साक्ष मिळवण्यात आली आणि १९१३ साली गोऱ्या पंचांनी त्याला दोषी ठरवले. शिक्षा एक वर्ष एक दिवस. तो परदेशी निसटला, १९१५ मध्ये हवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलर्डकडून हरला, आणि १९२० साली स्वाधीन होऊन त्याने लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली.

तथापि त्याला हुतात्मा ठरवण्याची घाई नको. सॅम लँगफर्डसारख्या तोलामोलाच्या कृष्णवर्णीय योद्ध्याला जगज्जेता झाल्यावर त्यानेही संधी दिली नाही; पैसा गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या लढतींत होता, आणि जी रेषा ओलांडून तो वर चढला तीच त्याने स्वजनांपुढे ओढली.

हवानाच्या त्या पराभवानंतर बावीस वर्षे हेवीवेट अजिंक्यपद कृष्णवर्णीयाच्या वाट्याला आले नाही. १९३७ साली ते जो लुईला मिळाले, तेही त्याच्या कृष्णवर्णीय व्यवस्थापकांनी घालून दिलेली पथ्ये पाळून: गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र नको, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंदाचे चिन्ह नको. जॉन्सनच्या हसण्याची शिक्षा लुईने निर्विकार चेहऱ्याने भोगली, असेच मी म्हणेन.

जॉन्सन १० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात मरण पावला. त्यानंतरही जवळजवळ बहात्तर वर्षे तो सरकारदप्तरी गुन्हेगारच राहिला. त्याला मरणोत्तर माफी २४ मे २०१८ रोजी मिळाली.