चौकटीबाहेरचा हात

डोंगराचा चढ छायाचित्रात उतरत नाही, ही कॅमेरा घेऊन भटकणाऱ्या मंडळींची जुनी फिर्याद आहे. ज्या कातळावर पाय ठेवताना प्राण कंठाशी आले, तोच कातळ कागदावर उमटला की अंगणातल्या पायरीसारखा निरुपद्रवी दिसतो. आणि मग आपण खरोखरच केवढे चढलो हे घरच्यांना पटवून देण्यासाठी कॅमेरा किंचित तिरपा धरणे, क्षितिज वगळणे, पायाखालची सपाटी दिसू न देणे अशा लहानसहान लबाड्या सुरू होतात. त्या मीही केल्या आहेत. पण आज ज्या चित्राविषयी लिहावयाचे आहे, त्यातील लबाडी वेगळ्या जातीची होती, आणि ती हुडकून काढली ती उभी हयात मामलेदार कचेरीत दप्तर सांभाळण्यात घालवलेल्या माझ्या एका मित्राने.

पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही चौघे हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने जावयास निघालो. गडावर जाण्यास पाचनईची सोपी वाट आहे, खिरेश्वराहून तोलारखिंडीतून चढणारी त्याहून दमवणारी वाट आहे. परंतु कोकणातून, मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून, कोकणकड्याच्या बगलेने वर घुसणारी नळी ही वाट म्हणण्यापेक्षा पावसाळ्यातील पाण्याने आणि दरडींनी आपल्या सोयीसाठी पाडलेली उभी चीरच म्हणावयास हवी. पहाटे गाव सोडले, तेव्हा पुढे बेलपाड्याचाच विशीतला एक वाटाड्या अनवाणी चालत होता. आधी बैलगाडीएवढ्या धोंड्यांवरून उड्या, मग दोराखेरीज धीर होऊ नये असे कातळटप्पे, आणि सर्वांत शेवटी, अंगातील त्राण संपल्यावर, दोन पावले चढावे नि एक पाऊल घसरावे असा घसारा, हा त्या वाटेचा क्रम आहे. कडा पश्चिमेला तोंड करून उभा असल्याने सकाळभर नळीत सावली असते, एवढीच काय ती दया.

माझ्या गळ्यात कॅमेरा होता व त्यात छत्तीस चित्रांची एकच गुंडाळी. छत्तीस हा आकडा माणसाला कंजूष करतो आणि कंजूषपणा त्याला शिकारी करतो; क्षण येईपर्यंत दबा धरून बसण्याची सवय लागते. तो क्षण दुसऱ्या कातळटप्प्यावर आला. मी वर पोचलो होतो. कचेरीतला मित्र, चाळिशी ओलांडलेला आणि तालुक्याच्या जमाबंदीपलीकडे कशाच्याही चढउताराची सवय नसलेला, छातीएवढ्या कातळाला बिलगून उभा होता. उजव्या पायाखालची खोबण संपली होती, डाव्याला सापडत नव्हती, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि डोळ्यांत भय व हट्ट यांचे असे मिश्रण झाले होते की कोणाही चित्रकाराने त्याच्यापुढे हात जोडावेत. तो म्हणाला, "अरे, हात दे." मी म्हणालो, "एक मिनिट. तसाच राहा."

मिनिट नव्हते, पाच-सात सेकंद असतील. कमरेला दोर होता, खाली हातभर रुंदीची पायरी होती, तो पडला असता तरी फार तर गुडघा सोलवटला असता, हे सारे मी नंतर स्वतःला वारंवार सांगितले आहे, आणि ते खरेही आहे. मी कळ दाबली. त्याच निमिषाला माझ्या बगलेतून वाटाड्या ओणवा झाला व त्याने हात खाली दिला.

दुपार कलल्यावर आम्ही कड्यावर आलो. चांगदेवांनी ज्या गडावर 'तत्त्वसार' रचले असे सांगतात, जेथे केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच खांब उरून लिंगाभोवती बारमाही गार पाणी असते, तेथे येऊन माझे सारे चित्त मात्र इंद्रवज्रावर होते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला कोकणकड्यावरून वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसल्याचे १८३५ सालापासून नमूद आहे, आणि तेच मला टिपावयाचे होते. वाटाड्या हसला. सूर्य पाठीशी आणि धुके पुढ्यातल्या दरीत हवे. पश्चिमेकडे पाहणाऱ्या कड्यावर ते सकाळी साधते, आणि आम्ही तर मावळतीचा सूर्य डोळ्यांवर घेऊन उभे होतो.

या इंद्रवज्राचा एक स्वभाव मला पुढे वाचनातून कळला आणि तो अद्याप मनातून जात नाही. सूक्ष्म जलबिंदूंवरून प्रकाश मागे परततो, त्यामुळे त्या वलयाचा मध्य नेहमी पाहणाऱ्याच्या स्वतःच्या मस्तकाच्या छायेवर पडतो. कड्यावर चार जण ओळीने उभे राहिले तर धुक्यावर चार छाया पडतील; परंतु प्रत्येकाला तेजोवलय दिसेल ते केवळ आपल्या डोक्याभोवती, शेजाऱ्याचे डोके त्याला साधेच दिसेल, आणि शेजाऱ्यासही नेमके उलट. कॅमेऱ्याने चित्र घेतले तर वलय कॅमेऱ्याच्या छायेभोवती येते. एरवी चित्र काढणारा चित्रात नसतो असे आपण समजतो. निसर्गाने निदान या एका ठिकाणी तरी त्याला पकडून मध्यभागी बसवले आहे.

गुंडाळी धुऊन आली तेव्हा ते चित्र अपेक्षेहून सरस निघाले होते. फक्त उजव्या कडेने एक काळासावळा हात मनगटापर्यंत आत आला होता. एका प्रदर्शनासाठी चित्र पाठवावयाचे ठरले, आणि जाणत्यांचे मत पडले की हातामुळे एकाकीपणाचा परिणाम उणावतो. मी दोन बोटे कागद छाटला. चित्राला 'निर्धार' असे नाव दिले, बक्षीसही मिळाले.

मित्र प्रदर्शनाला आला, चष्मा पुसून बराच वेळ उभा राहिला, आणि म्हणाला, "मजकूर ठाकठीक आहे. पण पंचनाम्यात घटनास्थळी हजर असलेला एक इसम गाळला आहेस." मला उभे करून ठेवलेस, असे तो त्या दिवशी बोलला नाही आणि पुढेही कधी बोलला नाही. तक्रार स्वतःची नव्हती. दप्तर अपुरे होते, एवढीच होती.

छायाचित्रकाराच्या अलिप्ततेचे समर्थन मला ठाऊक आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना कॅमेरा घेऊन हिंडले नसते, तर ती उपासमार पुष्कळांना केवळ आकड्यांतच कळली असती. तेथे साक्ष देणे हेच साहाय्य होते. पण हा युक्तिवाद उसना घेण्याचा मला काय अधिकार? नळीत जगाला कळावे असे काहीच घडत नव्हते. एका कारकुनाला खोबण सापडत नव्हती, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते. शिवाय साक्षच द्यावयाची होती, तर ती छाटली कशासाठी? तसाच राहा म्हणणे ही क्षणाची भूल म्हणता येईल. कात्री चालवताना मात्र मी घरी, दिव्याखाली, चहाचा पेला शेजारी ठेवून बसलो होतो.

काही वर्षांनी मूळ पट्टीवरून अख्खे चित्र करवून घेतले, एक प्रत मित्राला दिली व दुसरी घेऊन बेलपाड्याला गेलो. वाटाड्याचे नाव मी त्या दिवशी विचारलेही नव्हते. तेव्हा चित्रातला हात दाखवीत चौकशी करावी लागली. तो भेटला. अंगावर थोडे मांस आले होते, मुलगा मांडीशी उभा होता. त्याने चित्र उन्हाकडे तिरपे धरून पाहिले, मनगटावरच्या गोंदणावर बोट ठेवले आणि मुलाला म्हणाला, "ह्यो मी." मग मित्राला ओळखले, त्याची खुशाली विचारली. पुन्हा एकवार चित्राच्या चारही कडा न्याहाळल्या.

"आन् यात तुम्ही कुठं?"

मी म्हणालो, मी फोटो काढत होतो.

"हां," तो म्हणाला, आणि चित्र मुलाच्या हाती देऊन पाणी आणावयास आत गेला.