५४ वर्षांनी आलेली माफी

माफी मागायची म्हणतात, ती कुणाकडे? आणि ज्याला मार बसला तोच मेला असेल तर माफ कोण करणार?

जॉनी ब्राइट. काळा माणूस. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. हा फुटबॉल पायाचा कमी, हातात चेंडू घेऊन धावायचा जास्त. २० ऑक्टोबर १९५१ ला आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाकडून तो ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजच्या मैदानावर उतरला. पहिल्या ७ मिनिटांत विल्बँक्स स्मिथ या गोऱ्या खेळाडूने त्याला तीनदा बेशुद्ध पाडलं. चेंडू ब्राइटने केव्हाच दुसऱ्याला दिलेला. हात रिकामे. तरी तोंडावर घाव. जबडा मोडला. पण गडी उठला, ६१ यार्डांचा पास टाकून टचडाऊन करवलं, मगच मैदान सोडलं.

पुरावा नव्हता म्हणाल, तर तसंही नाही. 'डे मॉइन रजिस्टर'च्या दोन फोटोग्राफरनी घाव क्षणाक्षणाने टिपला. १९५२ ला त्या फोटोंना पुलित्झर मिळालं. मारणाऱ्याला शिक्षा? काही नाही. मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स, म्हणजे या कॉलेजांची संघटना, तिने हात झटकले. तेव्हा ड्रेकने संघटनाच सोडली. ब्रॅडली विद्यापीठही बाहेर पडलं.

१९५२ ला फिलाडेल्फियाच्या संघाने ब्राइटला पहिल्या फेरीत निवडलं. तो गेला नाही. दक्षिणेतले गोरे खेळाडू तिथेही असणार होते. तो कॅनडात गेला, एडमंटनला ३ ग्रे कप जिंकून दिले, १९५९ ला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढे शाळामास्तर झाला, मुख्याध्यापक झाला. १९८३ ला वारला.

आणि २००५ ला त्या कॉलेजच्या, आताच्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या, अध्यक्षांनी माफीचं पत्र लिहिलं. ड्रेकच्या अध्यक्षांना.

मी म्हणतो, पत्र खोटं नाही. खरं ते उशिरा का होईना, कागदावर आलं पाहिजे. पण १९५१ ला तेच लिहायचं तर आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहावं लागलं असतं. २००५ ला काय गमवावं लागलं? ड्रेकने निदान तेव्हा संघटना सोडून किंमत मोजली होती.

म्हणून अशी माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली, एवढंच. ती कबुली जपून ठेवा, त्या फोटोंशेजारी लावा. पण हिशेब मिटल्याची पावती कुणी मागितली तर देऊ नका. तिच्यावर सही करायचा हक्क एकट्या जॉनी ब्राइटचा होता. तो ड्रेकला नाही, तुम्हाला-मला तर नाहीच नाही.